पांढऱ्या शेपटीच्या कबुतराचा वाळा

दसूकीच्या धाकट्या मुलीचा, रावयाचा सुबूअ, म्हणजे बाळाच्या सातव्या दिवसाचा सोहळा झाला, ते साल एकोणीसशे सहासष्ट. तेव्हा दसूकीला आकडे लिहिता येत नव्हते, म्हणून तो त्या सालाला ‘रावयाचं साल’ म्हणायचा. पुढे लिहायला शिकला, तरी घरात नाव तेच राहिलं. त्याच दिवशी, पाहुण्यांना दाणे आणि मिठाई वाटून होत होती तेवढ्यात, हेलवानच्या विमान कारखान्याचं दोन नंबरचं, चाचणीचं विमान धावपट्टीच्या शेवटाला पेटलं. त्यामुळे घरात कुणी रावयाचं वय मोजू लागलं की दसूकी मान खाली घालून दुसरंच काहीतरी मोजत बसायचा.

रावया त्रेचाळीस वर्षांची झाली त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

हेलवानच्या जुन्या स्टेशनमागे इमाम नावाच्या माणसाचं कॉफीचं दुकान आहे. दर शुक्रवारी दुपारची नमाज आटोपली की तीन म्हातारे तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे. दसूकी त्यांतला एक. तो जन्मभर विमानांच्या इंजिनांचा फिटर, म्हणून सगळ्यांचा ‘उस्ता’, म्हणजे उस्ताद. चहाचा पेलाही असा उचलायचा, जणू त्याचे आटे बरोबर बसतात की नाही ते बघतोय. दुसरा सिद्दीक, हजला जाऊन आला म्हणून हाज सिद्दीक. तो कारखान्याच्या धावपट्टीवर आगीचा बंब चालवायचा. आयुष्यात एकच मोठी आग त्याच्या वाट्याला आली, पण ती त्याने हजार वेळा विझवली असेल, दर शुक्रवारी एकदा तरी. तिसरे बाशमुहंदिस वगदी मिखाईल. बाशमुहंदिस म्हणजे इंजिनिअरसाहेब; ते कॉलेजात शिकलेले, सकाळची चर्चमधली प्रार्थना उरकून इस्त्रीच्या शर्टात यायचे. तिघांत विमानाची विद्या सगळ्यात जास्त त्यांच्यापाशी, आणि विमानाला हात लावायचे दिवस सगळ्यात कमी त्यांच्याच वाट्याला आले होते. तीनच वर्षं. उरलेली एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्या एका कारखान्यात गॅसच्या शेगड्या बनवल्या.

तिघांचा एक खेळ होता. आकाशात आवाज आला की एकाने डोळे मिटायचे आणि विमान ओळखायचं. हरला त्याने चहा पाजायचा.

“मीट डोळे, उस्ता,” सिद्दीक म्हणाला.

“मिटले.”

“बोटांच्या फटीतून बघू नकोस. तुला ओळखून आहे मी.”

दसूकीने मान तिरकी केली. “एक इंजिन. अमेरिकन. एफ-सोळा.”

“हरलास! दोन आहेत.”

“विमानं दोन असतील, हाज. इंजिन एकेकच आहे. मी इंजिन ऐकतो, विमानं मोजत नाही.”

“बघा, बाशमुहंदिस, हा फिटर लोकांचा डांबरटपणा,” सिद्दीक म्हणाला. “काही म्हणा, मिग-एकवीसची सर कुणाला नाही. बाणासारखं वर जायचं.”

“जायचं ना,” वगदी म्हणाले. “आणि वर पोचेपर्यंत इंधन संपत आलं म्हणून तसंच खालीही यायचं.”

“मग काय तुमचं ते फँटम? धूर एवढा की आंधळ्यालाही कळावं, साहेब आले.”

“फँटमचं कौतुक मी कधी केलं? मी फक्त म्हणालो, त्याच्या इंजिनाची पाती बघण्यासारखी होती.”

“तुम्हाला पात्यांपुढे काही दिसतच नाही.”

वगदी हसले. त्या दिवशी मरियमचा उपास सुरू झाला होता, त्यामुळे त्यांनी बिनदुधाचा चहा मागवला होता. सिद्दीकने त्यावरही तोंड घातलंच. “तुमचा एक उपास संपायच्या आत दुसरा लागतो. आम्हाला महिनाभर धरायचा तर केवढी तयारी!”

मग बोलणं नेहमीसारखं दोन नंबरवर आलं. ते येणारच होतं.

“काय विमान होतं!” सिद्दीक म्हणाला. “जर्मन लोकांनी कागदावर काढलं, पण हात आपले. बाहेरच्या पत्र्यावरचा एकेक रिव्हेट आपल्या पोरांचा. तो वैमानिक खाली उतरला आणि मला म्हणाला, ‘नाक नुकतं उचललं होतं, धप्प झालं.’ मी फेस मारला. माझी ही डावी भुवई तेव्हापासून नीट उगवली नाही.”

“यंदाही बसलो होतो मी,” वगदी हळूच म्हणाले. “मे महिन्यात. सगळ्या पात्यांचं गणित पुन्हा केलं. पहिल्या ओळीपासून.”

“मग?”

“चूक सापडली नाही.”

“त्रेचाळीस वर्षांत सापडली नाही म्हणजे नसेलच!”

“पातं मुळाशी तुटलं, हाज. त्याचा हिशेब माझा होता. चूक आहेच. फक्त ती सापडावी एवढीही अक्कल माझ्यात नाही.” ते हसून म्हणाले, पण पेल्यातला चमचा उगाच फिरवत राहिले.

दसूकीच्या हातात जपमाळ होती. तेहतीस मणी, आणि गोंड्याच्या जागी पातळ स्टीलचा एक छोटा वाळा. त्याच्या बोटांनी तो वाळा चाचपला. वर्षानुवर्षं दसूकी वगदींच्या समोरच तो चाचपत आला होता.

तेवढ्यात इरीनी आली. वगदींची नात, एकोणीस वर्षांची. बाप कुवेतला, त्यामुळे घरात आजोबांचा शब्द शेवटचा. लहान असताना ती याच टेबलाखाली बसून बाटल्यांची झाकणं ओळीने मांडायची आणि त्यांना विमानांची नावं द्यायची. आता इंजिनिअरिंगचं पहिलं, सामाईक वर्ष संपवून तिला विभाग निवडायचा होता. तिने पर्समधून एक घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

“गिद्दो,” ती आजोबांना म्हणाली, “रविवारपर्यंत भरायचा आहे. पहिल्या ओळीत काय लिहू?”

“सांगितलं ना. सिव्हिल.”

“मला विमानं शिकायचीयत.”

“शिकून करणार काय?” वगदी म्हणाले. “दहा मुलं तो विभाग निवडतात, त्यांतली आठ पुढे मोबाइल विकतात.”

“उरलेल्या दोघांत मी असेन.”

“अरे वा!” सिद्दीकने टेबलावर थाप मारली. “मी बंब घेऊन येतो तुझ्यासाठी. मोफत.”

“तुम्ही मध्ये पडू नका, हाज. सिव्हिल घे, बाळ. सिमेंट उडत नाही, म्हणून पडतही नाही.”

“सिमेंटपण पडतं, गिद्दो. गेल्याच वर्षी पेपरात आलं होतं.” मग ती दसूकीकडे वळली. “काका, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतात ते.”

दसूकी काही बोलायच्या आत वगदी उभे राहिले. आवाज चढवायची त्यांची पद्धत नव्हती. ते म्हणाले, “आपल्या घरातल्या माणसाने एक विमान जाळलं. वैमानिक वाचला ती देवाची कृपा. दुसऱ्याची मी वाट बघणार नाही. कागदावर मी सही करेन ती सिव्हिलवर. दुसरं काही लिहिलंस तर बापाला फोन करून फीचे पैसे थांबवायला सांगेन.” आणि ते उपाशीपोटी, उन्हात, निघून गेले. कागद इरीनीने उचलला. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही, नुसती घडीवर घडी घालत राहिली.

दसूकीने जपमाळ खिशात टाकली आणि तोही उठला.

घरी जाईपर्यंत त्याच्या डोक्यात तो दिवस घोळत होता. तसा तो रोजच घोळायचा, पण आज त्याला पाय फुटले होते.

तेव्हा दसूकीच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ होती. उंच, लाकडी, निळ्या रंगाची. आजूबाजूला अशा पंधरा-वीस ढाबळी. शेजाऱ्याचं कबूतर भुलवून आपल्या थव्यात आणायचं, आणि मग ते परत द्यायला त्याच्याकडून मिनतवाऱ्या करून घ्यायच्या, हा सगळ्या गल्लीचा नाद. त्यामुळे कबूतर कुणाचं हे कळायला पायात काहीतरी खूण हवी. बाकीचे रंगीत मणी बांधायचे. दसूकीने टाकून दिलेल्या स्टीलच्या नळीतून लेथवर केसासारखे पातळ वाळे कापले होते आणि त्याला लिहिता येत नसल्यामुळे प्रत्येक वाळ्यावर कानशीने खाचा पाडल्या होत्या. एक खाच पहिल्या कबुतराची, दोन दुसऱ्याची. तीन खाचा पांढऱ्या शेपटीच्या नराच्या. तसं कबूतर हेलवानमध्ये दुसरं नव्हतं.

कारखान्याचा एक हुकूम होता. पाण्याच्या टाकीवर लाल निशाण दिसलं की विमान धावणार, तेव्हा कबुतरं सोडायची नाहीत. सगळे पाळायचे. दसूकी तर सगळ्यांना दम देऊन पाळायला लावायचा, कारण त्या इंजिनांत त्याचाच हात होता.

सुबूअच्या दिवशी तो रजेवर होता. सकाळी निशाण वर होतं, दुपारी वारा सुटला म्हणून चाचणी रद्द झाली आणि निशाण उतरलं. ते त्याने स्वतः पाहिलं. मग खाली सोहळा सुरू झाला. बायकांनी बाळाला चाळणीत निजवून हलवलं, कानाशी पितळी खलबत्ता ठणठण वाजवला, त्याच्या बायकोने, इनशिराहने, बाळावरून सात वेळा पाय टाकला, मीठ उधळलं. मेहुणा म्हणाला, “दाजी, ते पांढऱ्या शेपटीचं दाखवा की पाहुण्यांना.” आनंदात होता दसूकी. वर गेला, ढाबळीचं दार उघडलं, शिट्टी मारली. वर गेल्यावर आधी टाकीकडे बघायची त्याची सवय होती. त्या दिवशी पाहुणे टाळ्या वाजवत होते आणि तो त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला. वारा पडल्यामुळे निशाण पुन्हा चढलं होतं. त्याने पाहिलं नाही.

थवा धावपट्टीकडे वळसा घालून परत आला. एक कबूतर कमी होतं.

दुसऱ्या दिवशी जळालेलं इंजिन उघडायला दसूकीलाच बोलावलं. आत सगळा कोळसा. पंख, रक्त, काही उरलं नव्हतं. फक्त पुढच्या बाजूला, न फिरणाऱ्या पात्यांच्या मुळाशी, एका फटीत काहीतरी अडकलं होतं. त्याने नखाने ओढून काढलं आणि पुसलं. तीन खाचा.

खोलीत साध्या कपड्यांतली, गुप्त पोलिसांची दोन माणसं बसली होती. कुणाचं नाव निघतं, कोण मुद्दाम करतं, हेच बघायला ती होती. त्या वर्षांत माणूस एकदा त्यांच्या गाडीत बसला की त्याचं काय झालं, ते घरच्यांना विचारायचीही सोय नव्हती. घरी बायको बाळंतीण, तीन मुली. दसूकीने वाळा तोंडात टाकला. कारकून म्हणाला, “काय सापडलं, उस्ता?” तो दातांमागे जीभ दाबून म्हणाला, “तुटलेलं पातं.” कारकुनाने लिहून घेतलं. दसूकीने खाली अंगठा उठवला.

त्याच आठवड्यात त्याने सगळी कबुतरं देऊन टाकली. गल्लीला नवल वाटलं. सिद्दीक अजून विचारायचा, “कबुतरांशी भांडण काय झालं रे तुझं?” ढाबळ मात्र त्याने पाडली नाही. रंग उडाला, फळ्या वाकल्या, तरी ती उभी होती.

महिन्याभराने वगदींची बदली झाली. बदल्या तेव्हा रोजच्याच होत्या, दसूकीला वाटलं तशीच ही. पुढे एकोणीसशे बहात्तरमध्ये कारखान्यात प्रौढांचे साक्षरतेचे वर्ग निघाले. पस्तीस वर्षांचा दसूकी बाकावर गुडघे दुमडून बसला आणि अक्षरं शिकला. त्याच हिवाळ्यात इंजिन विभागाची जुनी कागदपत्रं पोत्यात भरायचं काम निघालं. तो प्रत्येक कागद वाचायचा, नव्या शिकलेल्या माणसाला असते तशी हौस. एका कागदाखाली त्याला स्वतःचा अंगठा दिसला. त्याने वरून वाचायला घेतलं. एकेक अक्षर जोडत, ओठ हलवत. “दोष: पात्याच्या मुळाचा हिशेब. जबाबदार: इंजिनिअर वगदी मिखाईल.” साक्षीदार म्हणून त्याचा अंगठा.

वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात त्या एकदाच वाटलं.

मग तो वगदींना शोधत शेगड्यांच्या कारखान्यात गेला, सांगायलाच गेला होता. वगदी त्याला बघून इतके खूश झाले! “उस्ता, तू आलास! इथे इंजिनाबद्दल बोलायला कुणी नाही रे.” त्यांनी त्याला नवी शेगडी दाखवली, ज्योत किती निळी आहे ते दाखवलं. दसूकीने वाकून ज्योत पाहिली. सांगायचं होतं ते सोडून तो म्हणाला, “शुक्रवारी इमामकडे या की चहाला.” तेव्हापासून शुक्रवार सुरू झाले.

तो घरी पोचला तेव्हा इनशिराह उंबरठ्यावर भाजी निवडत होती. तिने नवऱ्याचं तोंड बघितलं आणि पातेलं बाजूला ठेवलं.

“काय झालं, रावयाच्या बापा?”

“पोरीला विमानं शिकू देत नाहीत. म्हणतात, आपल्या घराने विमान जाळलं.”

इनशिराहने आपल्या तळहाताकडे पाहिलं. इंजिन उघडलं त्या दिवशी घरी येऊन दसूकीने वाळा तोंडातून काढून तिच्याच तळहातावर ठेवला होता. गप्प राहा, हे तीच म्हणाली होती.

“तेव्हा मी तुम्हाला गप्प बसवलं,” ती म्हणाली. “पोरी लहान होत्या. आता त्यांच्या पोरी मोठ्या झाल्या. आता कुणाला भ्यायचं?”

“त्यांनाच भितो. शुक्रवार जाईल.”

“जाऊ दे. शुक्रवार तुमचा जाईल. त्या पोरीचं आख्खं आयुष्य जातंय.”

दसूकीने तोंड धुतलं, स्वच्छ झब्बा घातला आणि निघाला.

वगदींच्या घरी बैठकीत पंखा लावलेला. इरीनी खिडकीशी बसली होती, आजोबा दुसऱ्या टोकाला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती. दसूकी बसला नाही. त्याने खिशातून जपमाळ काढली आणि टेबलावर ठेवली, वाळा वगदींच्या बाजूला येईल अशी.

“हे काय?”

“माझ्या कबुतराच्या पायातलं आहे. दोन नंबरच्या इंजिनात सापडलं. मला. दुसऱ्या दिवशी.”

दसूकी पुढे बोलत राहिला.

“मी सोडलं होतं ते, निशाण न बघता. पातं तुमच्या हिशेबाने तुटलं नाही, बाशमुहंदिस. कबूतर आत गेलं म्हणून तुटलं. मी कारकुनाला सांगितलं नाही. भ्यालो. आणि काय लिहिलंय ते मला तेव्हा वाचता येत नव्हतं. सहा वर्षांनी वाचलं. त्यानंतर सदतीस वर्षं गप्प राहिलो, त्याला मात्र सबब नाही.”

वगदी ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, वाळा उचलला, उजेडात धरला. नखाने खाचा मोजल्या.

“कुठे अडकला होता?”

“पहिल्या न फिरणाऱ्या ओळीच्या मुळाशी.”

“इंजिनाचं तोंड म्हणजे घड्याळ धरलं, तर कितीच्या जागी?”

“पाच. खालच्या बाजूला.”

“तुटलेलं पातं त्याच्या समोरचं?”

“समोरून दुसरं.”

“कबूतर किती वजनाचं?”

“साडेतीनशे ग्रॅम. त्या दिवशी पोटभर गहू खाल्लेला. सणाचा दिवस होता.”

वगदी उठले, कपाटातून वह्यांचा गठ्ठा काढला. दरवर्षीची एक, पुठ्ठ्यावर साल लिहिलेली. सगळ्यात वरची उघडून कोरं पान काढलं. “इरीनी, इकडे ये. वेग मीटरमध्ये कर. विमान सत्तरने धावतंय धर.” ती आली. दोघांची डोकी एका वहीवर वाकली. तिने फोनवर आकडेमोड करायला घेतली तर त्यांनी फोन बाजूला सारला, “हाताने कर. माझ्याबरोबर.” एका जागी ती म्हणाली, “गिद्दो, इथे अर्ध्याने गुणायचं राहिलं.” त्यांनी पाहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. दसूकी उभाच होता. त्याला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आणि तो बसलाही नसता. अर्धा तास झाला असेल. वगदींनी शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि पेन्सिल ठेवली.

“तिप्पट भार,” ते म्हणाले. “मी ज्या भारासाठी पातं केलं होतं, त्याच्या तिप्पट. तेवढ्याने ते तुटायलाच पाहिजे. न तुटतं तरच हिशेब चुकलेला असता.”

इरीनीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी चष्मा काढला आणि वह्यांच्या गठ्ठ्यावरून तळवा फिरवला, एकदा खालून वर, एकदा वरून खाली.

“माझी पाती बरोबर होती.” मग त्यांनी दसूकीकडे पाहिलं, आणि आता त्यांच्या डोळ्यांत ते होतं ज्याला दसूकी इतकी वर्षं भ्यायला होता. “एकतीस वर्षं शेगड्या बनवल्या मी, उस्ता. आणि तू दर शुक्रवारी माझ्यासमोर बसून चहा प्यायलास, कितीदा तर माझ्याच पैशाने. जा. आता जा इथून.”

दसूकी निघाला. जिन्यावर इरीनी मागून धावत आली. तिने फक्त त्याची जपमाळ त्याच्या हातात दिली. वाळा तिच्यात नव्हता. तो आजोबांनी ठेवून घेतला होता.

रविवारी इरीनीने कागद भरला. पहिल्या ओळीत विमान. खाली आजोबांची सही, ठसठशीत, शाई दोन जागी फुटलेली.

पुढच्या शुक्रवारी वगदी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सिद्दीकला दसूकीने सगळं सांगितलं. सिद्दीकने आपल्या डाव्या भुवईवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “म्हणजे ती आग तुझी होती? माझी भुवई तू खाल्लीस?” पण हसला नाही. मग रमजान लागला, दिवसा दुकान बंद. ईदला इनशिराहने दरवर्षीप्रमाणे कहक केले, ईदची खुसखुशीत बिस्किटं, वरून पिठीसाखर भुरभुरलेली, आणि दरवर्षीप्रमाणे एक पत्र्याचा डबा वगदींच्या घरी धाडला. दसूकी म्हणाला, “नको पाठवूस, परत येईल.” ती म्हणाली, “आला तर आला. मी धाडायचं सोडणार नाही.” हा डबा नाताळात त्यांच्याकडून भरून परत यायचा, आजवर कधी रिकामा आला नव्हता.

ईदनंतरच्या पहिल्या शुक्रवारी दसूकी आणि सिद्दीक बसले होते. वरून आवाज गेला. सिद्दीकने डोळे मिटले. “मिग.”

“मिराज,” मागून कुणीतरी म्हणालं. “डोक्याबरोबर कानही गेले तुमचे, हाज.”

वगदी उभे होते. हातात तो डबा. नाताळ तीन महिने लांब होता. त्यांनी डबा दसूकीपुढे ठेवला आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. दसूकीने डबा उचलून पाहिला. हलका. उघडला तर आत तळाशी एक कहक उरलेला.

“वहिनींना सांग, यंदा साखर जास्त झाली,” वगदी म्हणाले. “आणि चहा आज तू पाजायचास. आजपासून दर शुक्रवारी. मी मोजलंय, माझ्या मरणापर्यंत तुझी फेड होईल.”

“होय, बाशमुहंदिस.”

“माफ केलंय असं समजू नकोस. मला घरी करमत नाही, एवढंच.”

“होय.”

चहा आला. वगदींनी पेल्यात चमचा फिरवला. मग वगदींनी विचारलं, “त्याचं नाव काय होतं? कबुतराचं. तुम्ही लोक नावं ठेवायचात ना.”

दसूकी चुळबुळला. “राहू द्या.”

“सांग.”

“मिग,” दसूकी म्हणाला. “वर फार वेगाने जायचा म्हणून.”

सिद्दीकच्या नाकातून चहा आला. “मिगने मारलं! ऐकलंत, बाशमुहंदिस? आपल्या विमानाला शेवटी मिगनेच मारलं!” तो टेबल बडवून हसत सुटला, इमाम काउंटरवरून बघायला लागला. वगदींनी आधी ओठ दाबून धरले, मग त्यांचे खांदे हलायला लागले. डोळे पुसताना त्यांनी हात पुढे केला आणि दसूकीच्या हातातली जपमाळ बाजूला सारली. पेला सांडू नये म्हणून असेल, किंवा सहजच.

इरीनी त्या विभागातून पास होऊन बाहेर पडली. आता ती विमानतळाजवळच्या एका दुरुस्ती शेडमध्ये इंजिनांची पाती तपासते. तीन खाचांचा वाळा तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

बाशमुहंदिस वगदी मिखाईल दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये, बारा तारखेला सकाळी, हृदय बंद पडून वारले. हाज सिद्दीक त्याच वर्षी ऑक्टोबरात गेला. उस्ता दसूकी दोन हजार सतराच्या जानेवारीत, एका शुक्रवारी, दुपारच्या नमाजेआधी वारला.